चौदावी शीट

फाइल उघडली तेव्हा सोमवारचे दहा वाजून चार मिनिटं झाली होती. खाली तेरा शीट असायला हव्या होत्या. चौदा होत्या.

मी पुन्हा मोजल्या. प्रत्येक शीटला वर्गाचं नाव असतं. पहिली ‘निरोगी’, सातवी ‘स्वरयंत्राची गाठ (संशय)’, तेरावी ‘इतर श्वसनविकार’. तेराव्या शीटच्या उजवीकडे एक अरुंद टॅब होती. तिच्यावर नाव नव्हतं, नुसता आकडा होता: १४.

मी जिल्हा आरोग्य कार्यालयात ‘कानोसा’ची माहिती सांभाळते. कानोसा आता घरोघरी माहीत आहे, पण त्याच्या आत काय चालतं ते थोडं सांगायला हवं. माणूस खोकतो किंवा बोलतो तेव्हा फुप्फुसातून वर येणारी हवा स्वरतंतूंना थरथरवते. ती थरथर कधीच पूर्ण नियमित नसते, आणि आजारागणिक तिच्या अनियमितपणाची ठेवण बदलते. कानाला हा फरक कळत नाही, यंत्राला कळतो. गावातली आशा सेविका दर महिन्याला प्रत्येक मोठ्या माणसाच्या दारात जाते आणि फोन पुढे धरते. तो माणूस खोकतो, एक-दोन वाक्यं बोलतो. फोन त्या आवाजाचे दोनशे चाळीस आकडे काढतो आणि आवाज तिथल्या तिथे पुसून टाकतो. खासगीपणाचा कायदाच तसा आहे. आमच्यापर्यंत फक्त आकडे येतात.

ते आकडे वय आणि लिंग धरून दुरुस्त केले जातात, कारण सत्तरीतल्या पुरुषाचा घसा आणि पंचविशीतल्या मुलीचा घसा एका मापानं मोजता येत नाही. मग एका माणसाचा एक ठिपका होतो. एकाच आजाराचे ठिपके जवळजवळ पडतात आणि त्यांचा पुंजका होतो. निरोगी माणसांचा एक भला मोठा पुंजका आणि बारा आजारांचे बारा लहान. मिळून तेरा.

यंत्राला एक मुभा दिलेली आहे. चाळीसपेक्षा जास्त ठिपके यांपैकी कुठेच न बसता एकमेकांजवळ जमले, तर त्यानं स्वतःहून नवा वर्ग उघडायचा. डॉक्टरांच्या लक्षात येण्याआधी नवा आजार दिसावा, म्हणून ही सोय. चार वर्षांत ती एकदाही वापरली गेली नव्हती.

दर सोमवारी मी डेटाबेसवर एक क्वेरी चालवते आणि तिचा निकाल एका फाइलमध्ये उतरतो, प्रत्येक वर्ग वेगळ्या शीटवर. वर्ग किती आहेत हे मी प्रोग्रॅममध्ये लिहिलेलं नाही. डेटाबेसला विचारायचं आणि जितके वर्ग तो सांगेल तितक्या शीट करायच्या. वर्गाला नाव असेल तर शीटला ते नाव द्यायचं, नसेल तर त्याचा क्रमांक. लिहिताना मला ती माझी हुशारी वाटली होती.

मी चौदावी शीट उघडली. एक्केचाळीस ओळी. नाव, वय, गाव. गावाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच शब्द होता: मोरदरा.

मोरदऱ्यात माझी बहीण राहते.

*

डॉ. मोमीन आमचे साथरोग अधिकारी. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. त्यांनी उभ्याउभ्याच शीट पाहिली.

“सानप मॅडम, ही तुमच्या प्रोग्रॅमची गंमत नाही ना?”

“नाही सर. तीनदा चालवून बघितलं.”

“दीड वर्ष थांबला असता हा आजार तर काय बिघडलं असतं?” ते म्हणाले. पण हातातला चहा त्यांनी तसाच टेबलावर ठेवला आणि नंतर तो कोणी प्यायला नाही.

नियम असा, की खात्री होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही. मी जिन्यात जाऊन बहिणीला फोन लावला. गयाक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली. माझ्या वेण्या घालण्यापासून मला कॉलेजच्या एसटीत बसवण्यापर्यंत सगळं तिनं केलं. लग्न होऊन ती मोरदऱ्याला गेली आणि गेली बारा वर्षं तिथली आशा सेविका आहे.

“अक्का, गावात कोणाला खोकला आहे का गं?”

“थंडीचा खोकला नसणार तर काय उन्हाळ्याचा?”

“तू घराबाहेर पडू नको चार दिवस.”

“अन् माझी फेरी कोण करणार, तू? महिन्याची अर्धी घरं व्हायचीत अजून.”

“मग तोंडाला रुमाल तरी बांध.”

“रुमाल बांधून लोकांना म्हणू, खोका? येडी का खुळी तू, संजे! काय झालंय ते सांग.”

“काही नाही,” मी म्हणाले. आयुष्यात तिच्याशी मी फार कमी वेळा खोटं बोलले आहे.

तो आठवडा मी धड जेवले नाही. कानोसाचा हिशोब साधा आहे: फेरी पुढे सरकते तशा नव्या नोंदी येतात आणि सोमवारी त्या शीटवर दिसतात. पुढच्या सोमवारी चौदाव्या शीटवर एकशे सत्तावीस ओळी होत्या. गाव तेच. बाकीच्या साडेसहाशे गावांत एकही नाही. एका गावात पेटलेली आणि अजून वेशीच्या आत असलेली साथ अशीच दिसेल, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते पुस्तक काढून तो परिच्छेद पुन्हा वाचला. त्याखाली मी स्वतःच विद्यार्थिदशेत रेघ मारलेली होती.

जिल्हाधिकाऱ्यांनी मंगळवारी चार वाजेपर्यंत नावांची यादी मागितली. यादी हातात आली की आदेश निघणार होता.

*

मंगळवारी सकाळी आमचं पथक पूर्ण पोशाख चढवून मोरदऱ्यात उतरलं. साडेअकराला मोमीन सरांचा फोन वाजला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला.

“सर, यादीतली बारा घरं बघितली. बाराही कुलूपबंद.”

खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे काय आलं ते मला ठाऊक आहे, कारण माझ्याही आलं.

“शेजारी विचारा,” सर म्हणाले.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. माणसं ऊसतोडीला गेली आहेत. मोरदऱ्यातली निम्मी घरं दसऱ्यानंतर टोळीबरोबर जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. ऊस तोडणारी यंत्रं आली, पण नदीकाठच्या ओल्या आणि चढाच्या फडात ती अजून चालत नाहीत; तिथे कोयताच लागतो. टोळी यंदा कर्नाटकात होती.

सरांचा चेहरा उतरला. “म्हणजे ही एकशे सत्तावीस माणसं फडावरच्या तळावर आहेत. ऊसतोड्यांच्या झोपड्या, कोपीला कोपी लागलेली. पाच-सहा हजारांची वस्ती.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. “मॅडम, यादी तयार ठेवा. तिकडच्या प्रशासनाला कळवून तळ बंद करावा लागेल. आत कोणी नाही, बाहेर कोणी नाही.”

मी तळ पाहिलेला आहे. उसाचं पाचट घातलेल्या कोप्या, एक टँकर, दिवस भरलेल्या बाया. आजूबाजूच्या गावांना एकदा कळलं की हे रोगी आहेत, मग पोलिसांचा वेढा आत बंद ठेवण्यासाठी राहणार की आतल्यांना वाचवण्यासाठी, सांगता येणार नाही.

पण मला भीती वाटत होती ती वेगळ्या गोष्टीची. माणसं दसऱ्यापासून गावात नाहीत. आणि यादीतली प्रत्येक नोंद गेल्या पंधरवड्यातली होती, मोरदऱ्यातली होती, त्या त्या घराच्या दारातली होती. फोन जागेची नोंदही घेतो.

मग कुलूपबंद दारांसमोर खोकलं कोण?

“सर, मला दीड तास द्या,” मी म्हणाले.

मी यंत्रानं केलेली वयाची आणि लिंगाची दुरुस्ती काढून टाकली आणि एकशे सत्तावीस ठिपक्यांमधलं एकमेकांपासूनचं अंतर मोजलं. एकच आजार झालेली दोन माणसं घेतली तर त्यांचे ठिपके दोन चुलत भावांसारखे असतात. साम्य असतं, पण चेहरे वेगळे. एकाच माणसाचा आवाज सकाळी आणि संध्याकाळी घेतला तर दोन ठिपके जवळजवळ एकमेकांवर पडतात. या एकशे सत्तावीस ठिपक्यांमधलं अंतर त्या दुसऱ्या प्रकारचं होतं. सत्तर वर्षांचा भगवान आंधळे आणि एकोणीस वर्षांची शीतल बडे यांचा घसा एकच होता.

माझ्या क्वेरीत एक रकाना मी कधीच घेत नसे, कारण शीटवर त्याचा काही उपयोग नव्हता: नोंद कोणी केली. तो मी आता जोडला. एकशे सत्तावीस वेळा एकच सांकेतिक क्रमांक. तो मला पाठ होता. चार वर्षांपूर्वी अक्काच्या फोनवर मीच तो घालून दिला होता.

पहिल्यांदा मला हायसं वाटलं, हे कबूल करते. साथ नव्हती. माझी बहीण लोकांच्या नावानं खोकली होती. नोकरी जाईल, नाचक्की होईल, पण कोणी मरणार नाही. मी खुर्चीत मागे टेकले. आणि मग माझ्या डोक्यात पुढचा प्रश्न आला, जो एखाद्या परक्या गावाच्या बाबतीत मला कदाचित आला नसता. टोळी दसऱ्याला गेली. म्हणजे अक्का चार महिने हे करत असणार. मग चौदावी शीट नोव्हेंबरात का उघडली नाही?

मी चारही महिन्यांच्या नोंदी काढल्या. एकशे सत्तावीस चोक पाचशे आठ. नोव्हेंबरच्या सगळ्या पहिल्या शीटवर, ‘निरोगी’. निरोगी पुंजका इतका मोठा आणि सैल आहे की धडधाकट बाईचा खोकला कोणाच्याही नावावर टाकला तरी तो त्यात बसतो. डिसेंबरच्याही तिथेच. जानेवारीत ठिपके काठाकडे सरकू लागले होते. फेब्रुवारीत ते बाहेर पडले, आणि वयं आणि लिंगं चुकीची असल्यामुळे कुठल्याही आजाराच्या पुंजक्यात जाऊन बसू शकले नाहीत. यंत्रानं त्यांना आपला निराळा वर्ग दिला.

मी पाचशे आठ ओळींमध्ये वयाच्या जागी अक्काचं सेहेचाळीस लिहिलं, लिंगाच्या जागी स्त्री, आणि यंत्राला पुन्हा विचारलं. फेब्रुवारीच्या एकशे सत्तावीसच्या एकशे सत्तावीस ओळी सातव्या शीटवर गेल्या: ‘स्वरयंत्राची गाठ (संशय)’.

यंत्र निदान करत नाही. संशय सांगतं. एका नोंदीवरचा संशय दहात दोनदा चुकतो. एकाच घशाच्या एकशे सत्तावीस नोंदींवरचा किती वेळा चुकतो, ते गणित मला येत होतं. मी ते केलं नाही.

*

“सर, यादी पाठवू नका.”

“कारण?”

“मोरदऱ्याहून सांगते.”

“मॅडम, चारच्या ठोक्याला ती माझ्या हातून जाईल. मला दुसरा मार्ग नाही.”

स्कूटरवर मोरदरा सव्वा तासाचं. मी पोचले तेव्हा तीन वाजत आले होते. पथकाची गाडी चावडीजवळ उभी होती आणि पांढऱ्या पोशाखातली माणसं सावलीला बसली होती. दोन म्हाताऱ्या त्यांना लांबून न्याहाळत होत्या. बाकी गल्ली रिकामी. दारामागून दार कुलूप लावलेलं.

अक्का ओट्यावर बसून तुरी पाखडत होती.

“अगं, कळवायचं तरी! भाकरी टाकली असती,” ती म्हणाली. तिचा आवाज जाड आणि खरखरीत येत होता. “हे चांदोबावरचे लोक तुमचेच का? मला म्हणतात, बाई, लांब उभ्या राहा. म्हटलं, माझ्याच गावात?”

“अक्का, टोळीवर गेलेल्यांचा खोकला कोणी दिला?”

सूप थांबलं. तिनं ते बाजूला ठेवलं, पदरानं हात पुसले.

“मी. दुसरं कोण देणार? कुलपानं द्यायचा का?”

“का पण?”

“तूच विचारतीस? तुमच्याच हापिसातला कागद हाय. खोकल्याच्या नोंदीत नव्वद टक्क्यांच्या खाली गाव गेलं की दवाखान्याची गाडी बंद. तरणी माणसं सगळी फडात. मागं राहिली म्हातारी अन् लेकरं. भामाबाईची साखरेची सुई त्या गाडीत येती. तिला काय सांगू, तुझा लेक ऊस तोडायला गेला म्हणून तुझी सुई बंद?” ती थांबली, घसा खाकरला. “बरं, घरी बसून करता येत न्हाई. फोनला जागा कळती. मग गेले दारोदार. एकेका कुलपासमोर उभी राहिले, त्या माणसाचं नाव घेतलं, खोकले. वर तुमचं ते वाक्य म्हणायचं, ‘मी आज माझ्या घरी आहे.’ कुत्री भुंकायची माझ्यावर.”

मी तिला चार वाजता काय होणार आहे ते सांगितलं. तळ, वेढा, टँकर. ती ऐकता ऐकता उठून उभी राहिली.

“त्यात शीतल हाय. सातवा लागलाय तिला.” मग हळूच, “पुसून टाक की, संजे. तुझ्याच हातात हाय ना ती शीट?”

वाटेत मी तेच घोळवत आले होते. टॅबवर उजवी कळ दाबायची, काढून टाका म्हणायचं. पण शीट म्हणजे नुसती सावली. ओळी डेटाबेसमध्ये राहतात आणि पुढच्या सोमवारी ती पुन्हा उभी राहते. डेटाबेसमधल्या ओळी पुसायचा अधिकारही मला होता. कोणाला कळलं नसतं. तिची नोकरी वाचली असती. आणि त्या पाचशे आठ ओळी जे सांगत होत्या, ते मी कुठून कळलं म्हणून सांगणार होते?

“पुसून भागणार नाही, अक्का. तुला सांगावं लागेल. तुझ्या तोंडानं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं ती चिडेल. तिनं हात पुढे केला. “लाव फोन तुझ्या साहेबाला.”

चाराला वीस कमी होते.

“साहेब, मोरदऱ्याची आशा बोलती, गया नागरगोजे. ती एकशे सत्तावीस माणसं ठणठणीत हायत. मीच खोकले त्यांच्या नावानं.”

पलीकडून मोमीन सरांचा आवाज आला. “बाई, एकट्या?”

“एकटी. कोणाला मिंधं करायचं?”

“या अल्ला,” सर म्हणाले. हसले की काय केलं, कळलं नाही. “तुमच्यावर मला कारवाई करावी लागेल, हे समजतंय ना?”

“समजतंय. गाडी तेवढी बंद करू नका.”

“मॅडमना द्या.”

मी फोन कानाला लावून ओट्याच्या टोकाशी गेले.

“यादी थांबवली,” सर म्हणाले. “पथक माघारी बोलावतो.” मग त्यांचा आवाज बदलला. “मॅडम, एक सांगा. निरोगी माणसाचा खोकला कोणाच्याही नावावर टाकला तरी तो निरोगीतच पडतो ना?”

“हो सर.”

“मग हा का नाही पडला?”

अक्का माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाठ फिरवली.

“समजलं,” सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

*

पथकाची गाडी गेली. अक्कानं पाणी आणून दिलं. मी ते हातात धरून बसले.

“काय म्हणाला साहेब शेवटी?”

“काही नाही.”

“संजे, मला ओरडायचं असतं तर फोनवर ओरडली असतीस. एवढ्या उन्हात यायचं कारण न्हाई.” ती माझ्याशेजारी बसली. “निकालाचा नंबर मी सगळ्यांच्या नावापुढं माझाच टाकते. दर महिन्याला फोन मला एकशे सत्तावीस वेळा सांगतो, ‘आपण निरोगी आहात.’ रात्री निजताना वाचते कधी कधी. हसू येतं. या महिन्यात एकदाही आलं न्हाई. म्हटलं, नेटवर्क गेलं असंल.”

नाव नसलेल्या वर्गाचा निरोप जात नाही. त्याला काय लिहायचं ते आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

“अक्का,” मी म्हणाले, “तुझी स्वतःची नोंद कुठे आहे?”

“माझी? सेविकेची असली काय, नसली काय. सक्ती न्हाई.” ती थांबली. “दिवसभर खोकून खोकून जीव नकोसा होतो. परत आपल्या नावानं कोण खोकणार?”

“आज खोक.”

ती लगेच हलली नाही. मग कनवटीचा फोन काढला. नाव लिहिलं. वय लिहिलं. बोटं सराईत होती, पण सेहेचाळीसमधला सहा तिनं दोनदा खोडून लिहिला. शेवटच्या रकान्याशी आल्यावर थबकली.

“निकाल कोणाला कळवायचा, विचारतंय. माझाच टाकू?”

“नको.”

“तुझ्या दाजींचा टाकू, तर त्यांना वाचता येत न्हाई.” तिनं वर पाहिलं. “तुझा टाकते.”

तिनं माझा नंबर तोंडपाठ लिहिला. ओट्यावर ताठ बसली, फोन तोंडासमोर धरला आणि खोकली. मग स्वच्छ, सावकाश म्हणाली, “माझं नाव गया नागरगोजे. मी आज माझ्या घरी आहे.”

यंत्राला साधारण अर्धं मिनिट लागतं. ते मला पूर्वी कधी लांब वाटलं नव्हतं. समोरच्या पत्र्यावर एक कावळा पाय घासत होता. अक्कानं सूप पुन्हा मांडीवर ओढलं, पण पाखडलं नाही.

माझ्या पर्समध्ये फोन थरथरला.

आम्ही दोघींनी पर्सकडे पाहिलं. मी हात आत घालत नव्हते.

“बघ की,” अक्का म्हणाली.